सदतीस नंबरची आई

पडद्यावर ते वाक्य उमटलं तेव्हा चारुलता मोहरीलच्या तोंडात मंडळाचा बेसनाचा लाडू होता, आणि बेसनाचा लाडू टाळूला चिकटला की भल्याभल्यांना गप्प बसावं लागतं, म्हणून निभावलं. नाहीतर तिच्या तोंडून काय निघालं असतं देव जाणे. वाक्य असं होतं: ‘तेरा वर्षांपर्यंत कसलंही लक्षण नव्हतं. या शहरात आलो आणि अचानक सुरू झालं. इथल्या धुळीच्या आंधीसारखं. पाच मिनिटांपूर्वी आकाश स्वच्छ होतं.’ त्याखाली बारीक अक्षरांत, ‘एक माता, क्रमांक ३७’. पुण्याहून आलेले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. संकल्प हर्डीकर हातातल्या दिव्याचा लाल ठिपका त्या आंधीवरून गोल गोल फिरवत होते, आणि जयपूरच्या राजा पार्कातल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेली साठ-सत्तर मराठी डोकी एकदम हळहळली. “बाई गं,” असं मागून कोणीतरी म्हणालंसुद्धा. चारुलताने लाडू गिळला. वाक्य तिचं होतं. अडीच वर्षांपूर्वी ऑफिसात, डबा खाऊन झाल्यावर, तिने ते इंग्रजीत टाइप केलं होतं, एका प्रश्नावलीच्या चौदाव्या चौकटीत. आणि टाइप करून झाल्यावर तिला ते आवडलंही होतं. आता ते मराठी होऊन परत आलं होतं, आणि चार दिवस पुण्याला राहून आलेल्या नातेवाइकासारखं जरा जास्तच शुद्ध बोलत होतं.

तिला सगळ्यात आधी राग आला तो आंधीचा. सव्वीस वर्षं ती विमा कंपनीच्या क्लेम खात्यात होती, नागपुरात बावीस आणि इथे चार, आणि या सव्वीस वर्षांत ती एक गोष्ट शिकली होती: खरं बोलणारा माणूस तारीख सांगतो, आणि खोटं बोलणारा दृष्टान्त देतो. पॉलिसी घेतली आणि वर्षभरात नवरा गेला, असा अर्ज आला की तो तिच्या टेबलावर यायचा. बायको लिहायची, ‘हट्टेकट्टे होते, साहेब, जसा काही वड.’ वड दिसला की चारुलता लाल पेन उचलायची. मग ती त्या गावच्या डॉक्टरचे केसपेपर मागवायची, औषधाच्या दुकानातली जुनी बिलं मागवायची, आणि कुठल्यातरी चुरगळलेल्या चिठ्ठीवर तिला सापडायचंच: ‘दम लागणे, तीन वर्षांपासून.’ झालं. आधीपासून होतं आणि सांगितलं नव्हतं. तिच्या हाताखालची पोरं तिला मागून ‘आधीपासून मॅडम’ म्हणायची. तिला ते ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोला, तिला त्याचा अभिमानच होता. त्या बायांची तिला कधी कीव आली नाही. लोक खोटं बोलतात याचं तिला काही वाटायचं नाही, लोक किती ढिसाळ खोटं बोलतात याची मात्र तिला किळस यायची. आणि आता ही बया, क्रमांक सदतीस, भर सभेत वड घेऊन उभी!

कार्यक्रमाचं नाव होतं ‘किशोरवयातील लिंगओळखीची अस्वस्थता: संशोधन काय सांगतं?’ म्हणजे चौदा-पंधरा वर्षांची एखादी मुलगी एक दिवस उठते आणि म्हणते, मी मुलगी नाही, मुलगा आहे; तर हे तिच्या आत पहिल्यापासून होतं, की मैत्रिणींकडून आणि मोबाइलमधून तिला लागलं, यावर दोन विद्वान भांडणार होते आणि मंडळ ते ऐकणार होतं. मंडळाचे अध्यक्ष सदाशिवराव, सरकारी हिशेबाच्या एजी ऑफिसातून निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी अजून शेरा मारल्यासारखे बोलणारे, प्रास्ताविकात म्हणाले होते की विषय नाजूक आहे पण मंडळ पुरोगामी आहे. मंडळ पुरोगामी! ज्या मंडळात हळदीकुंकवाला विधवेला बोलवावं की नाही यावर तीन बैठका झाल्या, ते मंडळ. चारुलता एरवी या लोकांत फिरकायची नाही. कोणाची बदली कुठे, कोणाचा मुलगा कुठल्या कॉलेजात, आणि चितळ्यांची बाकरवडी इथे कुठे मिळते, एवढ्या तीन विषयांवर ही माणसं जन्म काढतात असं तिचं मत होतं. तिच्या डाव्या हाताला सुधाताई बसल्या होत्या, मंडळाच्या खजिनदारांच्या सौभाग्यवती, ज्यांनी आल्या आल्या विचारलं होतं, “अवनी नाही आली? परवा गौरव टॉवरला पाहिली मी तिला. केस फारच बारीक कापलेत हं. आजकालची फॅशन, दुसरं काय.” आणि ‘दुसरं काय’ म्हणताना त्यांनी चारुलताच्या तोंडाकडे बघून घेतलं होतं, भाजीवाल्याकडे भेंडी मोडून बघतात तसं. चारुलता म्हणाली होती, “उन्हाळा आहे नं.”

घरात अवनी नव्हतीच मुळी. घरात निमिष होता. सतरा वर्षांचा, बारावीचा, जगतपुऱ्यातल्या फ्लॅटमध्ये अभ्यासाच्या टेबलाशी पाठीला पोक काढून बसणारा. तीन वर्षांपूर्वी त्याने सांगितलं की मी मुलगा आहे, नावही स्वतःच शोधून आणलं, आणि चारुलताने त्या दिवसापासून घरात दुसरं नाव घेतलं नाही. शब्द दिला की दिला. फाइलवर नाव बदलायचं असेल तर खोडत बसायचं नाही, जुन्यावर एक सरळ रेघ मारायची, वर नवीन लिहायचं आणि बाजूला सही करायची. तसं तिने केलं. बाहेर अवनी, घरात निमिष, आणि आठवणींत मात्र जी होती ती अवनीच, कारण आठवणींवर सही कुठे करणार? निमिषला वाटायचं, आईने किती सहज मानलं. त्याच्या दोन मित्रांच्या घरी भांडी फुटली होती. त्यांना तो सांगायचा, माझी आई भारी आहे. आणि या भारी आईने, त्याच्या दहावीच्या वर्षी, चौदाव्या चौकटीत आंधी आणली होती. येत्या मंगळवारी त्याला नव्या डॉक्टरीणबाईंकडे न्यायचं होतं. ऑगस्टमध्ये तो अठरा पुरा होणार, मग पुढचे उपचार त्याला स्वतः ठरवता येणार, त्याआधी सगळी हकिगत नीट लिहून ठेवायची, असं ठरलं होतं. आणि दवाखान्यातून फोन आला होता की पहिल्या भेटीत आईचं म्हणणं घेतील, तर कधीपासून, हे नीट आठवून या, मॅडम. पहिल्या कागदाची ताकद चारुलताला कोणी शिकवायला नको होती. पहिल्या कागदावर जे पडतं ते पुढच्या प्रत्येक कागदाला चिकटतं. नंतर शंभर डॉक्टर आले तरी पहिल्याचं वाचून मग मान हलवतात. आज ती इथे आली होती ती हेच ठरवायला, की मंगळवारी काय आठवायचं.

ती प्रश्नावली तिच्याकडे आली होती एका ग्रुपवरून. गांगरलेल्या आईबापांचा ग्रुप, देशभरातले तीनशेच्या वर, सकाळी सूर्यफुलं आणि दुपारी रडगाणी. कोणाची मुलगी कोचिंगमधल्या मैत्रिणीमुळे बिघडली, कोणाची परदेशी व्हिडिओ पाहून. कोणीही असं कधी लिहिलं नाही की आमच्या घरात आधीपासून काही होतं. चारुलता तिथे एकदाही बोलली नव्हती, नुसती वाचायची आणि मनात म्हणायची, बावळट लेकाचे. मग एक दिवस तिथे डॉ. हर्डीकरांची प्रश्नावली आली, सगळ्यांनी भरा, आपला आवाज पोहोचला पाहिजे. तिला तेव्हाच कळलं होतं की हे संशोधन म्हणजे बोलाचीच कढी. क्लेमच्या खिडकीपाशी रांगेत उभ्या असलेल्यांना विचारलंत की घरात कोणी गेलंय का, तर प्रत्येक घरात कोणीतरी गेलेलंच निघणार. त्यावरून गावात पटकी आली म्हणून दवंडी पिटायची असते का? हे सगळं कळत असून तिने ती भरली. तिथेच तर मेख होती. चांगल्या, तपासून घेणाऱ्या माणसापुढे ती खोटं बोलली नसती. हा गडी तपासणार नाही हे दिसलं, म्हणून तर ती बोलली.

डॉ. हर्डीकर आता पुढच्या तक्त्यावर गेले होते. शंभरातल्या बासष्ट मातापित्यांनी ‘अचानक’ हा पर्याय निवडला होता. गृहस्थ वाईट नव्हता, हे चारुलताला कबूल करावं लागलं. घाई करू नका, मुलांना वेळ द्या, असं तो कळकळीने सांगत होता, आणि त्यात चुकीचं काय होतं? पण त्याच्या कळकळीखाली पाया म्हणून जी बासष्ट वाक्यं होती त्यांतलं एक तरी कसलं होतं हे तिला माहीत होतं, आणि बाकीच्या एकसष्टांचं कोणी सांगावं. तिला एकदम नागपूरचा तो मे महिना आठवला, पुतण्याच्या मुंजीचा. अवनी पावणेपाच वर्षांची. न्हावी पुतण्याचे केस काढत होता, मांडवात बायका हसत होत्या, आणि हा बटू उठला तशी अवनी गेली आणि त्या पाटावर जाऊन बसली. मांडी घालून, डोकं पुढे करून. “आता माझे काढा,” म्हणाली. सगळा मांडव हसला, चारुलताही हसली. पण पोर उठेना. काकांनी उचललं तर तिने पाट धरून ठेवला, पाटासकट उचलावी लागली. मग संध्याकाळपर्यंत रडणं, रडून रडून ताप. नणंद म्हणाली, “बाप्पा, काय हट्टी पोरगी आहे गं तुझी.” हट्टी. चारुलताने तो शब्द तिथल्या तिथे उचलला आणि पुढची कितीतरी वर्षं वापरला. सातव्या वर्षी भुलाबाई बसवल्या तेव्हाही पोर हट्टीच. इतर मुली भुलाबाई मांडून टिपऱ्या घेऊन गाणी म्हणत होत्या, हिने शेजारचा मातीचा भुलोजी, भुलाबाईचा नवरा, उचलून मांडीवर घेतला आणि म्हणाली, मी हा आहे, मी गाणार नाही, मी बसणार. आणि नवव्या वर्षी न्हाणीघरात, डोळ्यांत शिकेकाई, तिने विचारलं होतं, “आई, मोठी झाल्यावर मी मुलगा होईन नं?” चारुलता म्हणाली, हो, आणि मी राणी होईन. पुढच्या रविवारी पोरीने पुन्हा विचारलं. तेव्हा चारुलताने ओल्या पाठीवर एक चापट दिली. तिसऱ्यांदा अवनीने विचारलं नाही.

तर आकाश स्वच्छ होतं म्हणे.

आता दुसरी बाजू उठली. भार्गवी नावाची तिशीतली मुलगी, इथल्याच एका विद्यापीठात संशोधन करणारी, हातमागाची साडी, मोठं कुंकू, आणि बोलण्यात असा आव की जगात अन्याय फक्त तिलाच दिसतो. तिने आधी हर्डीकरांच्या चिंधड्या उडवल्या, आणि बऱ्यापैकी उडवल्या: तुम्ही मुलांना विचारलंच नाहीत, पालकांना विचारलंत, तेही एकाच ग्रुपमधल्या. चारुलता मनात म्हणाली, शाबास. पण मग बाईंनी स्वतःचा अभ्यास काढला. अकरा मुलं, एका संस्थेमार्फत भेटलेली, आणि अकराच्या अकरा म्हणाली की आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. अकरा! एका एजंटाचे साडू-मेव्हणे मोजले तरी अकराच्या वर भरतात. सांगणाऱ्याला काय सांगायचं हे आधीच ठाऊक असलं की ‘पहिल्यापासून’ आणि ‘अचानक’ यांत फरक काय उरतो? दोघेही नाकाने कांदे सोलणारे. एकाला सगळी पोरं बिघडलेली दिसत होती, दुसरीला सगळे आईबाप आंधळे. आणि दोघांच्याही पुस्तकात एक पान असं नव्हतं जिथे अवनी पाट धरून बसली होती आणि चारुलता पाहत होती.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. एका निवृत्त बँकवाल्याने विचारलं की आमच्या वेळी असं काही का नव्हतं, आणि टाळ्या घेतल्या. चारुलताचा हात केव्हा वर गेला तिला कळलं नाही. माइक आला. पायातल्या चपलेचा अंगठा तिने घट्ट आवळला. उभी राहून ‘ती मीच’ म्हटलं असतं तर सुधाताई संध्याकाळच्या आत मानसरोवरपासून वैशाली नगरपर्यंत शहरभर ते पोहोचवून आल्या असत्या, आणि निमिषने तिच्याकडे एकच गोष्ट मागितली होती, की मंडळात कळू देऊ नकोस, बारावी होऊ दे. तेव्हा ती ऑफिसातल्या आवाजात बोलली.

“डॉक्टरसाहेब, उत्तर देणाऱ्याने खरं सांगितलं की नाही, हे तुम्ही कसं तपासलंत?”

हर्डीकर हसले. चांगलं हसले, मनापासून. “ताई, स्वतःच्या लेकराबद्दल कुठली आई खोटं बोलेल?” आणि हॉल टाळ्यांनी भरून गेला, अहो, बायकांनीच जास्त वाजवल्या. माइक भार्गवीने ओढून घेतला. “खोटं मीही नाही म्हणणार. ही जी सदतीस नंबरची आई आहे ना, तिचा दोष नाही. तिला दिसलंच नाही. दिसत नसतं त्यांना. तेवढी नजरच तयार झालेली नसते या पालकांची.” यालाही थोड्या टाळ्या. चारुलता खाली बसली. दोघांनी मिळून तिला निर्दोष सोडलं होतं. एकाने देवी म्हणून, दुसरीने मूर्ख म्हणून. खोटारडी म्हणायची हिंमत एकालाही झाली नाही. आई म्हटलं की शहाण्यांची अक्कल दोन्हीकडे गहाण पडते. दिसलं नाही म्हणे! या खुळीला काय सांगावं, की मला इतकं दिसत होतं की मी वर्षानुवर्षं दिवे बंद करत हिंडले. “काय मुद्द्याचं विचारलंत हो,” सुधाताई कुजबुजल्या, “तुम्हाला यात बराच इंटरेस्ट दिसतो.” चारुलता म्हणाली, “हो. तुम्हाला नाही?” आणि पर्स उचलून निघाली. दारात सदाशिवरावांनी अडवलं, “मोहरील मॅडम, आभारप्रदर्शन राहिलंय,” तर म्हणाली, “करा नं मग,” आणि गाडीत जाऊन बसली.

गोपालपुऱ्याच्या कोचिंगमध्ये निमिषची टेस्ट दीडला सुटायची. मार्चचं ऊन चढलं होतं, टोंक रोडला उड्डाणपुलाखाली गाड्यांची गर्दी तुंबलेली, आणि कौशिकचा फोन आला. नवरा नागपुरात होता, बँकेत. बदली नको म्हणून बढती नाकारणारा माणूस, महिन्यातून एकदा विमानाने येऊन मुलाला हॉटेलात जेवू घालणारा. “मंगळवारचं ठरलं का?” तो म्हणाला. “मी काय म्हणतो चारू, आपल्याला आधी काही दिसलं नव्हतं, हेच सांगू. त्यांनी मला फोन केला तरी मी तेच सांगीन. दोघांचं एक असलं पाहिजे.” दोघांचं एक असलं पाहिजे! सासू-सुना असं ठरवून यायच्या तिच्या टेबलासमोर, शब्दाला शब्द जुळवून, आणि ती दोघींना वेगवेगळं बसवायची. “बघते,” म्हणून तिने फोन ठेवला. मग सिग्नलला उभं असताना तिला ते उमजलं, इतकं सोपं की स्वतःची शिसारी आली. अपघात आणि आजार. अपघात असला की दोषी बाहेरचा असतो: ट्रकवाला, रस्ता, जयपूर, मोबाइल. घरच्यांनी फक्त रडायचं. पण आजार म्हटला, निदान आधीपासून चालत आलेलं काही म्हटलं, की पहिला प्रश्न घरच्यांना: तुम्हाला कधी कळलं, आणि कळल्यावर काय केलंत? चापट दिली, हे उत्तर कुठल्या चौकटीत बसतं? म्हणून तिला अचानक हवं होतं. निमिषला काय झालंय, काही झालंय की नाही, हे तिला आजही कळत नव्हतं, आणि पाटावर बसलेली प्रत्येक पोर पुढे मुलगा होत नाही एवढं तिलाही समजत होतं. पण ते ठरवणं तिचं कामच नव्हतं. जे घडलं ते सांगणं तिचं काम होतं, आणि जगातल्या सगळ्या बायांना तेवढ्यासाठी उभं-आडवं करणाऱ्या बाईने स्वतःच्या पोराच्या वेळी शेण खाल्लं होतं.

बायपासवर गुणवंतांचे चेहरे छापलेल्या फलकांखाली पोरांचा लोंढा सुटला. निमिष सगळ्यांत शेवटी आला, कौशिकचा जुना चौकड्यांचा शर्ट, पाठीवर सॅक, कोणाशीतरी हसत. पुढच्या सीटवर बसला, एसीची झडप स्वतःकडे वळवली.

“कसा गेला?”

“ठीक. फिजिक्सचे मतलब दोन चुकले. भूक लागली खूप. चल नं.”

चारुलताने गाडी सुरू केली नाही. “तो हर्डीकरांचा पेपर तू वाचलायस का? पालकांना विचारून केलेला?”

तो सावध झाला. “दोन वर्षांपूर्वीच. सगळ्यांनी वाचलाय. का?”

“त्यातली सदतीस नंबरची आई मी आहे.”

“आंधीवाली?” तो म्हणाला, आणि पटकन हसला, मग हसू तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे बदलले. “ती तू आहेस? आई, आम्ही त्या बाईवर किती हसलोय. आमच्या ग्रुपमध्ये तिचा जोक आहे. आंधी आंटी म्हणतो आम्ही तिला.”

“बरोबर आहे. हसण्यासारखंच आहे ते. खोटं आहे.” आणि मग तिने सांगितलं. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून, समोरच्या कचोरीच्या गाड्याकडे बघत, क्रमाने, वर्ष आणि महिना घालून: मुंज, पाट, ताप, भुलोजी, न्हाणीघर, पहिला रविवार, दुसरा रविवार, चापट. अकराव्या वर्षी पहिल्यांदा पाळी आली तेव्हा पाच दिवस अवनी बोलली नव्हती, वॉशिंग मशीनच्या मागे चटई टाकून झोपत होती, आणि चारुलताने शाळेत कळवलं होतं की कांजिण्या आल्यात. कुठे दृष्टान्त नाही, कुठे रडणं नाही. आयुष्यात इतका स्वच्छ जबाब तिने कोणाचा लिहून घेतला नव्हता. “यावरून काय ठरतं ते मला माहीत नाही,” ती शेवटी म्हणाली, “पण हे झालं होतं आणि मी पाहिलं होतं. मंगळवारी मी हे सगळं सांगणार आहे. बाबा काही म्हणू देत.”

सॅकच्या पट्ट्याचं टोक निमिषने बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

“मला यातलं काहीच आठवत नाही,” तो म्हणाला. “पाट नाही, भुलोजी नाही. कांजिण्या आल्या होत्या असंच मला वाटत होतं. मला आठवतं ते इथे आल्यापासूनचं. आठवीपासूनचं. म्हणून तो पेपर वाचला नं, तेव्हा सगळ्यांसोबत हसलो, आणि घरी आल्यावर वाटलं की ती आंटी बरोबर आहे. माझंपण तसंच आहे. अचानक. मतलब मला कोणाकडून तरी लागलंय, आणि मी खोटा आहे. दोन वर्षं मी रोज स्वतःला चेक करून राहिलो, आई. रोज.”

चारुलताला वाटलं त्याच्या खांद्यावर हात ठेवावा. ठेवला नाही.

“आणि मी तुला विचारलं होतं,” तो म्हणाला. “दहावीच्या सुट्टीत. तू पोळ्या करत होतीस. मी म्हटलं, आई, मी लहानपणी कसा होतो? तू म्हणालीस, चारचौघींसारखी. पोळी उलटलीस आणि म्हणालीस, अगदी चारचौघींसारखी.”

तिला आठवत होतं. पोळी करपली होती हेही आठवत होतं. “हो,” ती म्हणाली.

“मग आता हे तू खरं सांगून राहिली, की मला बरं वाटावं म्हणून सांगून राहिली, हे मला कसं कळणार?”

“मुंजीत फोटो काढला होता काकांनी. पाटावरचा.”

“आहे?”

“नाही. मी फाडला.”

त्याने मान हलवली, जणू हेही अपेक्षितच होतं. चारुलताने पर्सचा बंद उघडला आणि लावला. कोणाला साक्षीला काढावं? नणंद हट्टी म्हणेल, कौशिकने शब्द जुळवून ठेवले होते, सासू जाऊन सहा वर्षं झाली. खरं ते सगळं तिने आता बोलून टाकलं होतं, एक शब्द इकडचा तिकडे न करता, आणि तिच्याच टेबलावर हा जबाब आला असता तर तिने पहिल्या पानावर शेरा मारला असता की साक्षीदार एकदा फिरलेला आहे, सबब विचारात घेऊ नये.

“मंगळवारी तू बाहेर बस,” निमिष म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. “मी एकटा बोलतो डॉक्टरांशी.”

“अरे पण तुला तर काहीच आठवत नाही.”

“तेच सांगीन. की आठवत नाही. ते तरी खरं आहे,” तो म्हणाला, आणि त्याने बेल्ट लावला.